निळी बाटली

॥ श्री ॥
ता. ६ सप्टेंबर

चि. बेडकीस, अ. उ. आ.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अर्धं पत्र समुद्राला, पाव माशांना, आणि उरलेल्या पावात घर, शेजार, दादा, वहिनी सगळे दाटीवाटीने बसवलेले. वाचून दाखवताना मी म्हटलंसुद्धा, की वन्संनी आपल्याला पार कोपऱ्यात बसवलंय. त्यावर ह्यांनी नुसतं वर्तमानपत्राचं पान उलटलं. पान वाचून झालेलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुझ्या दादाचा रुसवा अजून गेलेला नाही. सुट्टीत आलीस तेव्हा शिक्षण संपल्यावरही समुद्राचंच काम करणार, घरी परतणार नाही, असं तू सांगितलंस, तेव्हापासून घरात गंमतच संपली. पूर्वी चहाचा पहिला घोट घेतला की ते आपल्या पाणीपुरवठा केंद्रातल्या अहवालासारखं खणखणीत म्हणायचे, नमुना तपासला, पिण्यास हरकत नाही. आता चहा मुकाट्याने पितात. साखर कमी पडली तरी सांगत नाहीत.

त्यांचंही समजून घे. केंद्राच्या प्रयोगशाळेतली जागा साहेबांनी ऑक्टोबरअखेरपर्यंत तुझ्यासाठी अडवून धरली आहे, ती केवळ ह्यांच्या शब्दाखातर. तुला न विचारता शब्द देऊन बसले ही त्यांची चूक, ते मी तोंडावर सांगितलंय. पण एवढ्या वर्षांत त्यांनी साहेबांकडे काही मागितलं असेल, तर ते हेच. त्यांचं म्हणणं, पाणी ते पाणी. इथे टाकीत तपासायचं ते तिथे समुद्रात कशाला? खाऱ्या पाण्याने कोणाची तहान भागते?

मी म्हटलं, वेड लावलं कोणी? आई गेल्यावर फ्रॉकमधल्या पोरीला रोज केंद्रावर नेलंत, ती टाकीच्या कठड्यावर पाय पोटाशी घेऊन बसायची, तिला बेडकी नाव ठेवलंत तुम्हीच. आता बेडकीला टाकी पुरेना तर दोष बेडकीचा? त्यावर पुन्हा पान उलटलं.

हे पत्र जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिते आहे, तेव्हा मागे आकडे दिसले तर दचकू नकोस. तब्येत जप. माया धाडते आहे, ती वाटेत सांडू नये म्हणून पाकीट नीट चिकटवलंय.

तुझी,
वहिनी


ता. १४ सप्टेंबर

ती. वहिनीस, शि. सा. न. वि. वि.

कोपऱ्यात बसवल्याची तक्रार पोचली. या खेपेला घर आधी. दादाला सांग, चहात साखर कमी असेल तर बोलावं. रुसवा माझ्यावर आहे, साखरेवर नाही.

आता एक गोष्ट, जी मी आजवर लिहिली नव्हती. मला बोट लागते. थोडीथोडकी नाही, बंदरात दोरखंडाने बांधलेल्या बोटीवर चढले तरी पोटात कालवाकालव सुरू होते. समुद्र शिकायला आलेल्या पोरीला समुद्र सोसत नाही, यावर इथले लोक काय काय विनोद करतात ते लिहीत नाही, दादाला आयतं कोलीत मिळेल.

पण आता लपवून भागणार नाही. जानेवारीत मोठं जहाज दूरच्या सफरीवर निघतंय. त्यावर कोणाला न्यायचं ते आमच्या विभागाच्या प्रमुख ठरवणार. आखूड पांढरे केस, मोठा आवाज. सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणतात. त्याआधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या आम्हाला छोट्या बोटीवर तीन दिवस नेणार आहेत. कोण टिकतं, कोण आडवं होतं, ते तिथे कळेल. वहिनी, मी मनाशी ठरवलंय. या तीन दिवसांत मी काम करू शकले नाही, तर मीच दादाला लिहीन आणि त्याच्या प्रयोगशाळेत रुजू होईन. जहाजावर जाताच येत नसेल, तर किनाऱ्यावर बसून समुद्राचं नाव घ्यायचं कशाला?

आता तुझ्याकडे एक काम. सोबत पार्सलात कापड आहे आणि कागदावर बेतलेला नमुना आहे. त्याचं मला जाळं शिवून हवंय. हे मासे धरायचं जाळं नव्हे. हे नरसाळ्यासारखं असतं, तोंड रुंद, शेपूट निमुळती, शेपटीला छोटा डबा. पाण्यातून ओढत नेलं की पाणी कापडातून निघून जातं आणि त्यातले डोळ्यांना धड न दिसणारे तरंगते जीव डब्यात उरतात. तुझ्या चहाच्या गाळणीची श्रीमंत बहीण समज. आमचं जुनं जाळं खडकावर फाटलं, नवं मागवलंय ते कागदपत्रांच्या गाळणीत अडकलंय. इथल्या शिंप्याने कापड उजेडाला धरलं, दोन बोटांत चोळलं आणि मला हात जोडले. तेव्हा आठवण झाली ती तुझीच.

दादाला माझा नमस्कार सांग. घेतला तर घेतला, नाही तर तुझ्याकडे ठेव. आठवण काढत राहा, म्हणजे इथे उचकी लागून तरी उलटी थांबेल.

तुझी,
बेडकी


॥ श्री ॥
ता. २५ सप्टेंबर

चि. बेडकीस, अ. उ. आ.

बाई गं, कसलं ते कापड! मशीनवर ठेवलं की ओल्या साबणासारखं निसटतं. पहिल्या दिवशी मी नुसती त्याच्याकडे बघत बसले आणि ते माझ्याकडे. शेवटी खाली वर्तमानपत्राची पट्टी धरली, कागदासकट टीप घातली आणि मग कागद अलगद फाडून काढला. ती पट्टी नेमकी त्या दिवशीच्या ताज्या पानाची निघाली, त्यावरून घरात थोडं महाभारत झालं, पण टीप सरळ आली. शिवण दुहेरी दुमडली आहे. तुझे ते न दिसणारे जीव माझ्या टाक्यांतून निसटणार नाहीत, एवढी खात्री देते.

शिवून झालं तर ते इतकं लुळं दिसायला लागलं, की चार शहाण्या माणसांत घेऊन जायची तुलाच लाज वाटली असती. पोरगी मोठ्या बाईंपुढे उभी राहणार, आणि हातात हे पोतेरं? म्हणून ह्यांच्या शर्टांच्या कॉलरना जे जे करते ते सगळं त्यालाही केलं, इस्त्रीसुद्धा. आता टेबलावर आपलं आपण ताठ उभं राहतं. ह्यांनी येता-जाता पाहिलं आणि विचारलं, की विदूषकाची टोपी कोणासाठी? बऱ्याच दिवसांनी विनोद केला, म्हणून मी रागावले नाही.

बोट लागते हे मी त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगितलं नव्हतं? तसं काही म्हणाले नाहीत. पार्सल बांधताना मात्र दोरीची गाठ बघत बघत विचारलं, त्या बोटीला कठडा असतो ना? आणि किती उंच असतो? मला काय माहीत, मी समुद्र पाहिलाय तो चित्रात. तूच कळव.

आलं बारीक चिरून, मिठात घालून, वाळवून पाठवते आहे. जिभेखाली धरायचं. बोटीवर असताना जवळ बघू नकोस, लांब बघ, असं शेजारच्या काकू म्हणतात. त्याही कधी बोटीत बसलेल्या नाहीत, पण सल्ला चुकीचा वाटत नाही.

एक सांगू? रोज देवापुढे बसते, पण या खेपेला मागायचं काय तेच समजेना. तू यावीस म्हणावं, तर तुझं मन मोडतं. तू राहावीस म्हणावं, तर संध्याकाळी दाराकडे बघायची माझी सवय मोडत नाही. शेवटी म्हटलं, देवा, तिचं पोट तेवढं सांभाळ, बाकीचं आम्ही आपसात बघून घेऊ.

पार्सलाचा खर्च मी 'औषधपाणी' या सदरात टाकलाय. चुकीचं नाही ना? पत्राची वाट बघायला लावू नकोस, त्यात मी फार कच्ची आहे.

तुझी,
वहिनी


ता. ८ ऑक्टोबर

ती. वहिनीस, शि. सा. न. वि. वि.

आधी दादासाठी: बोटीला कठडा असतो आणि तो माझ्या छातीपर्यंत येतो. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण तीन दिवस मी त्यालाच मिठी मारून होते.

आता तुझ्यासाठी. खुर्चीत बस. हातात गरम काही असेल तर खाली ठेव.

पहिला दिवस नुसता ओकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी मला जाळं सोडायला सांगितलं. मी तुझं जाळं काढलं, सगळ्यांनी वा वा केलं, असं देखणं जाळं कोणी पाहिलंच नव्हतं. पाण्यात सोडलं, तर ते बुडेना. छत्रीसारखं लाटांवर बसून राहिलं. बोटवाल्या काकांनी बांबूने ढोसून बुडवलं. मग ओढायला लागलो तर दोर तटतटला. वर आलं ते बादलीसारखं काठोकाठ भरून, पाणी काही केल्या गळेना. कसंबसं उपसलं. डब्यात जीवबीव दिसेनात, नुसतं गढूळ, पांढरट पाणी. ते बाटलीत भरून मी माझ्या जागी, म्हणजे कठड्याशी, परत गेले.

आम्ही अशा बाटलीत आयोडीनचे थेंब टाकतो, जखमेला लावतात त्या जातीचं तपकिरी औषध, म्हणजे आतले जीव खराब होत नाहीत. आमच्यातला एक जण आहे, आम्ही त्याला पोथी म्हणतो, कारण त्याला सगळं पाठ असतं. त्याने थेंब टाकले मात्र, बाटली दौतीसारखी निळीभोर! पोथी ओरडला. असं त्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सगळे गोळा झाले. कोणी म्हणालं नवा जीव, कोणी म्हणालं प्रदूषण. पोथीने तर ठिकाण, वेळ, पाण्याचं तापमान सगळं टिपून घेतलं आणि जीवाला नाव काय द्यावं इथपर्यंत मजल गेली.

मी कठड्यावरून मान वळवून पाहिलं. आणि वहिनी, मला तो निळा रंग ओळखीचा वाटला. केंद्रात दादा पेल्यातल्या पाण्यात दोन थेंब टाकायचा, पाणी निळं व्हायचं, आणि मी टाळ्या वाजवायची. तो सांगायचा, एका थेंबात पिठाची खळ असते. पाण्यात जंतू मारायचं औषध असलं की दुसऱ्या थेंबातलं आयोडीन मोकळं होतं, आणि खळीला आयोडीन भेटलं की ती निळी होऊन चुगली करते. आमच्या बाटलीत आयोडीन होतं. मग खळ कुठून आली? मी जाळं नाकाशी धरलं. दादाच्या कॉलरचा वास!

सगळी भोकं तुझ्या खळीने बुजली होती, बाई माझे.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मोठ्या बाई माझ्याबद्दल ठरवणार, आणि मी त्यांना सांगू की जाळं आणलं ते खळ घालून, इस्त्री करून? पण पोथी वहीत लिहायला लागला होता, आणि वहीत एकदा गेलं की ते खरं होतं. म्हणून पोट धरून गेले आणि सांगितलं, की हा नवा जीव नाही, ही माझी वहिनी आहे.

मोठ्या बाई दोरखंडाच्या वेटोळ्यावर मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पोथी तेवढा हसला नाही. मी स्वयंपाकघरातून गरम पाणी आणून जाळं धुतलं, पुन्हा धुतलं, धुतलेल्या पाण्यात थेंब टाकून रंग यायचा थांबेपर्यंत धुतलं. मधेमधे कठड्याशी जाऊन येत होते. त्यानंतर तेच जाळं सोडलं, आणि काय सांगू, डबा भरून काचेचे जीव! भिंगाखाली धरले तर एकेकाच्या आत हृदय उडताना दिसत होतं. तुझ्या शिवणीतून एकही निसटला नाही.

किनाऱ्याला लागल्यावर बाईंनी बोलावलं. मी आधीच सांगून टाकलं, की मला फार बोट लागते. त्या म्हणाल्या, त्यांनाही लागते, अजूनही. ओकतं कोण ते त्या बघतच नाहीत. ओकून आल्यावर बाटलीवर चिठ्ठी कोण लावतं, ते बघतात. जानेवारीच्या सफरीत माझं नाव घातलंय.

पण मी अजून हो म्हटलेलं नाही. दादाने शब्द दिलाय. तो मला न विचारता दिला असला तरी दादाचा आहे. त्याला खाली बघायला लावून मी जहाजावर चढणार नाही. तू त्याला विचार. नाही म्हणाला तर येईन, आणि तोंड वाकडं न करता येईन. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बाईंनी मुदत दिली आहे.

तुम्हा दोघांच्या पायांशी, पण तोल सांभाळून,
बेडकी


॥ श्री ॥
ता. १७ ऑक्टोबर

चि. बेडकीस, अ. उ. आ.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. अगं, सांगायचंस तरी, की खळ चालत नाही! कापड म्हटलं की खळ, हे माझ्या हातात बसलेलं. त्या मोठ्या बाईंना माझ्या वतीने सांग, की बाई निष्काळजी नाही, जरा जास्तच काळजी घेणारी आहे.

पत्र वाचून दाखवत होते तेव्हा हे नेहमीसारखे वर्तमानपत्राआड. मी निळ्या बाटलीपाशी आले आणि त्यांचं पान हलायला लागलं. मला वाटलं खोकला. वर बघते तर हसताहेत! मग चष्मा काढून पुसला. तो भाग पुन्हा वाचायला लावला. ते दादाचे दोन थेंब आहेत ना, तो भाग तर तिसऱ्यांदा. त्यानंतर एवढंच विचारलं, की रंग बघताक्षणी ओळखला? कोणी न सांगता? मी म्हटलं, लांबून, ओकता ओकता ओळखला. दुसऱ्या दिवशी पत्र डब्याच्या पिशवीत घालून केंद्रावर घेऊन गेले. तिथे म्हणे सगळ्यांनी वाचलं. साहेबांनीसुद्धा.

पण जागेबद्दल अवाक्षर नाही. मी सरळ विचारलं, की पोरगी तुमच्या एका शब्दावर अडून बसली आहे, तिला काय कळवू? तर म्हणाले, बघतो. हे 'बघतो' म्हणजे हो की नाही, ते संसाराच्या इतक्या वर्षांतही मला उमगलेलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला विचारलं, की समुद्राचा तळ कुठे दिसतो का? मी म्हटलं, मला कसं ठाऊक, मी समुद्र पाहिलाय तो चित्रात. मग कूस बदलली.

देवापुढे आता मी काही मागतच नाही. नुसती बसते. तू धीर धर. आमच्यावरचा विश्वास इतक्यात उडू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी


ता. २२ ऑक्टोबर

ती. वहिनीस, शि. सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. तुझ्या जाळ्याचं तोंड ओढायच्या दोराच्या कडीला घासून उसवलंय. मोठ्या बाई म्हणतात, जानेवारीत मी असो वा नसो, जाळं याच बाईंच्या हातचं हवं. कापड पाठवते आहे. खळ नको, नको, नको. इस्त्रीही नको. लुळं पाठव.

दादाला सांग, तळ दिसत नाही, हे खरं आहे. पण दोराला वजन बांधून खाली सोडलं की तो लागतो. बाई तेच शिकवतात.

दारात टपालवाला दिसला की मी जिना उतरायला लागते. विसरू नका.

तुझी,
बेडकी


॥ श्री ॥
ता. २९ ऑक्टोबर

चि. बेडकीस, अ. उ. आ.

पार्सलावरचं अक्षर बघून चपापली असशील. होय, त्यांचंच आहे.

शनिवारी सकाळी त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट मागितला. मला वाटलं, केंद्रावर कोणी पाहुणे असतील. परत आले, पाय धुतले, आणि म्हणाले, शब्द परत घेऊन आलो. साहेबांना त्यांनी काय सांगितलं ते मी खोदून खोदून काढलं. म्हणाले, पिण्याचं पाणी तपासायला कोणीही मिळेल, माझी बहीण दुसऱ्या पाण्यावर लागली आहे. साहेब हसले म्हणे, आणि म्हणाले, की निळ्या बाटलीचं पत्र वाचलं तेव्हापासून मी तुमची वाटच पाहत होतो. ज्या गोष्टीसाठी ह्यांनी इतके दिवस झोप घालवली, ती दोन मिनिटांत उरकली.

मग जेवताना आपण होऊन बोलले. जागेचं दुःख नव्हतंच. आमच्या टाकीचा तळ वरून दिसतो, म्हणाले, लहानपणी तिला कठड्यावर बसवून मी निर्धास्त काम करायचो, पडली असती तरी दिसली असती. जिथे दिसत नाही तिथे कसं सोडायचं? तुझं दोराच्या वजनाचं वाक्य मी वाचून दाखवलं. त्यावर विचारलं, वजन किती बांधतात?

जाळं शिवून झालं. खळ नाही, इस्त्री नाही. हात शिवशिवत होते, पण आवरले. तरी ह्यांचा माझ्यावर भरवसा नाही. केंद्रातून आयोडीनच्या थेंबांची बाटली घेऊन आले. मोरीत घंगाळ मांडलं, जाळं त्यात खळखळून धुतलं, आणि त्या पाण्यात थेंब टाकले. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून वाकून बघत राहिलो. पाणी फिक्या चहासारखं पिवळट झालं, आणि तसंच राहिलं. मी श्वास सोडला. ते आणखी थोडं थांबले. मग हात पुसले, जाळं घडी न घालता गुंडाळलं, दोरी बांधली, आणि पेन मागितलं.

आज चहाला साखर कमी पडली होती. तसं लगेच सांगितलं.

जहाजावर पहिली उलटी झाली की मला आठव. समुद्राला आमच्याकडून नमस्कार सांग, आणि परत येताना त्याला सोबत आणू नकोस, फरशी खराब होते. खाली जागा ठेवली आहे, त्यांना काही लिहायचं आहे.

तुझी,
वहिनी

नमुना तपासला. रंग आला नाही. पाण्यात सोडण्यास हरकत नाही.
— दादा